कवितेतला विचार कोणाचा? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

काव्य आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत बडोद्याची पत्रे अर्थातच अधिक आहेत. एक ग्वाल्हेरहून आले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. काही प्रश्नांना लांब उत्तर द्यावे लागले, काहींना चार वाक्ये पुरली. त्यावरून कोणी आपल्या पत्राची किंमत ठरवू नये.

प्रश्न : प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून कवींना हद्दपार केले, तर आपल्या परंपरेने कवीला ऋषींच्या पंक्तीला बसवले. तेव्हा काव्य आणि तत्त्वज्ञान यांचे भांडण हे पाश्चात्त्यांचे भांडण आहे, आपले नव्हे, असे म्हणावे का?
— एक निवृत्त शिक्षक, रावपुरा, बडोदे

उत्तर : असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु आपल्या विधानाचे दोन्ही भाग तपासून घ्यावे लागतील. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात हे भांडण जुनेच आहे, असे सॉक्रेटिसाच्या तोंडी येते. तेथे कवींवर ठेवलेले मुख्य आरोप दोन आहेत. खाटेचे मूळ तत्त्व एक, त्यावरून सुताराने घडवलेली खाट दुसरी आणि चित्रकाराने रंगवलेली तिसरी. कवीही चित्रकाराप्रमाणे अनुकरणाचेच अनुकरण करीत असल्यामुळे तो सत्यापासून दूर असतो, हा पहिला आरोप. दुसरा अधिक गंभीर आहे : जो शोक आवरायला विवेकी माणसाने शिकायचे, त्याच शोकाला कवी खतपाणी घालतो आणि प्रेक्षकाला त्यात सुख वाटू लागते. तथापि ही हद्दपारी सरसकट नव्हती. देवांची स्तोत्रे आणि सज्जनांची स्तुती यांना नगरात जागा ठेवली होती. शिवाय कवितेच्या कैवाऱ्यांनी तिची बाजू पद्यात किंवा गद्यात मांडावी आणि ती पटल्यास तिला आनंदाने परत बोलवावे, अशी सवलतही तेथेच दिलेली आहे. ज्या ग्रंथात हा हुकूम निघतो त्याचा शेवट मात्र रणात पडलेल्या एर नावाच्या योद्ध्याने परत येऊन सांगितलेल्या परलोकाच्या कथेने होतो. म्हणजे मरणोत्तर न्यायाविषयी अखेरचे सांगायची वेळ आली तेव्हा प्लेटोनेही गोष्टच सांगितली. ॲरिस्टॉटलने पुढे 'काव्यशास्त्रा'त उत्तर दिले ते असे की, इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल ते सांगते, म्हणून काव्य इतिहासापेक्षा अधिक तात्त्विक आणि अधिक गंभीर आहे.

आता आपल्याकडे पाहू. 'काव्यालापांश्च वर्जयेत्', म्हणजे काव्याच्या गोष्टी वर्ज्य कराव्यात, असे एक निषेधवचन आपल्याकडे होते आणि ते इतके प्रसिद्ध होते की, मल्लिनाथाला रघुवंशावरील टीकेच्या आरंभीच त्याची वासलात लावावी लागली. हा निषेध असत्काव्यापुरता, म्हणजे वाईट काव्यापुरता, आहे, असा त्याने निर्वाळा दिला. त्याच्याही पूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'च्या सहाव्या अध्यायात काव्यावरचे तीन आक्षेप क्रमाने मांडले आहेत : काव्य खोटे सांगते, काव्य वाईट उपदेश करते आणि काव्य असभ्य गोष्टी बोलते, म्हणून ते शिकवू नये. पहिले दोन आक्षेप प्लेटोच्या आरोपांशेजारी ठेवून पाहावेत; ते त्यांचे जवळचे नातलग आहेत. राजशेखराची उत्तरे वकिली बाण्याची आहेत. स्तुतीतली अतिशयोक्ती वेदात, शास्त्रात आणि लोकव्यवहारातही असते, मग एकट्या कवीलाच का पकडता, असे तो विचारतो. आणि काव्यातले दुर्वर्तन हे करावे म्हणून सांगितलेले नसून टाळावे म्हणून सांगितलेले असते, असा खुलासा करतो. राजशेखर स्वतः नाटककार होता, हे येथे विसरता कामा नये. ग्रीसमध्ये फिर्यादी तत्त्वज्ञ होता आणि त्याची फिर्याद संपूर्ण उरली. आपल्याकडे बचाव करणाऱ्या कवीचा ग्रंथ उरला आणि फिर्यादी 'इत्येके' म्हणजे 'असे कित्येक म्हणतात' एवढ्यावर आटोपले. त्यामुळे आपल्याकडे खटला झालाच नाही, असा आपला समज होतो.

हा ग्रंथ बडोदेकरांनी तर आवर्जून पाहावा, कारण सयाजीराव महाराजांच्या काळात गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली तेव्हा तिचा पहिला क्रमांक 1916 साली 'काव्यमीमांसे'लाच मिळाला.

राहिला ऋषींच्या पंक्तीचा मुद्दा. काश्मीरचा काव्यमीमांसक अभिनवगुप्त याचा गुरू भट्टतौत याचे 'नानृषिः कविः', म्हणजे जो ऋषी नाही तो कवी नाही, हे वचन सर्वांना पाठ असते. त्याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला असून हे श्लोक पाटणच्या हेमचंद्राचार्यांनी उद्धृत केल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. मात्र लोक पहिल्या चरणावरच थांबतात. पुढे भट्टतौत म्हणतो की, तत्त्वदर्शनामुळे शास्त्रात कोणालाही कवी म्हणोत, लोकात मात्र दर्शन आणि वर्णन या दोन्हींवाचून ते नाव मिळत नाही. वाल्मीकींचे दर्शन निर्मळ होते, तरी वर्णन उमटेपर्यंत कविता उदयास आली नाही. म्हणजे कवीला पंक्तीत पान मांडलेले आहे खरे, पण केवळ ज्ञानी असल्याच्या बळावर नव्हे.

प्रश्न : सांख्यकारिका पद्यात आहे, बौद्ध पंडित शांतरक्षिताचा 'तत्त्वसंग्रह' पद्यात आहे, ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव'ही पद्यात आहे. तिन्हींत तत्त्वज्ञानच आहे. मग पहिल्या दोन ग्रंथांना आपण काव्य का म्हणत नाही आणि तिसऱ्याला का म्हणतो? जो विचार गद्यात सांगता येतो तो पद्यात सांगितल्याने त्यात नेमके काय वाढते?
— तत्त्वज्ञानाची एक विद्यार्थिनी, फतेगंज, बडोदे

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे आणि बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

सांख्यकारिकेच्या सत्तरेक आर्या किंवा 'तत्त्वसंग्रहा'च्या साडेतीन हजारांहून अधिक कारिका पद्यात आहेत, त्या मुख्यतः पाठ व्हाव्यात म्हणून. वृत्ताने शब्द जागच्या जागी राहतात, एखादा चरण गळला तर लगेच कळते आणि शिष्याला ग्रंथ डोक्यात घेऊन फिरता येते. या कारिका गद्यात उतरवल्या तर पाठांतराची सोय जाते, विचाराला ओरखडाही उमटत नाही. कमलशीलाने 'तत्त्वसंग्रहा'वर गद्यात पंजिका, म्हणजे टीका, लिहिली ती याच भरवशावर. (हा ग्रंथ पंजिकेसह बडोद्याच्या त्याच ग्रंथमालेत 1926 साली छापला गेला आणि अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंडही त्याच वर्षी. एका वर्षात एकाच मालेतून बौद्ध तर्क आणि रसचर्चा बाहेर पडावी, ही त्या संपादकांची रसिकता की योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावे.)

माझे म्हणणे असे आहे. शास्त्रातले विधान कोणीही, कोणापुढेही, केव्हाही उच्चारले तरी तेच राहिले पाहिजे; तसे न राहिले तर ते शास्त्र नव्हे. 'कार्य हे उत्पत्तीपूर्वी कारणात असते' हे सांख्याचे विधान सांख्यकारिकेचा कर्ता ईश्वरकृष्ण याने म्हटले काय किंवा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण लिहिले काय, त्याचे बळ किंवा दुबळेपण बदलत नाही. कवितेतला विचार मात्र बोलणाऱ्यासकट, ऐकणाऱ्यासकट आणि बोलण्याच्या त्या कृतीसकट असतो. तेथून विचार तेवढा उचलून आणला तर हाती काहीतरी लागते, पण जे कवितेत होते ते लागत नाही.

हे पटण्यासाठी ज्ञानेश्वरीचा आरंभच घ्यावा. तेथे गणेशाच्या रूपात समग्र वाङ्मय उभे केले आहे. त्याचे सहा हात म्हणजे सहा दर्शने :

देखा षड्दर्शनें म्हणिपती । तेची भुजांची आकृती ।
म्हणौनि विसंवादें धरिती । आयुधें हातीं ॥

पुढच्या ओवीत तर्क हा फरशू, नीतिभेद हा अंकुश आणि वेदान्त हा महारसाने भरलेला मोदक होतो. दर्शने एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट येथे लपवलेली नाही. 'विसंवादें' असे स्पष्टच म्हटले आहे. पण तो विसंवाद एकाच देहाच्या हातांतला आहे. आता हाच आशय आपण प्रबंधात लिहिला की, 'परस्परविरोधी दर्शनांच्या मुळाशी एकत्व आहे', तर परीक्षक पहिला प्रश्न विचारील : कशावरून? आणि ज्ञानेश्वरांनी तेथे त्याचे एकही प्रमाण दिलेले नाही. द्यायचे कारणही नव्हते, कारण ते सिद्धान्त मांडत नाहीत, नमस्कार करीत आहेत. नमस्कार संपूर्ण मूर्तीला करायचा असतो. एक हात वगळून तो करता येत नाही. म्हणून दर्शनांची एकता येथे विधानात नाही, ती त्या कृतीत आहे. हेच एखाद्या दर्शनसंग्रहात शक्य नाही, कारण तेथे लेखक दर्शनांपुढे उभा असतो तो परीक्षक म्हणून.

याच रूपकातली आणखी एक ओवी मला नेहमी थांबवते. एका हातातला मोडका दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेले बौद्धमत : 'एके हातीं दंतु । जो स्वभावता खंडितु'. यात सांप्रदायिक टोला आहे, हे उघड आहे. शांतरक्षिताला तो आवडला नसता. पण खंडित झालेले मतही देवाने टाकून दिलेले नाही, हातात धरले आहे, आणि नमस्कार त्यालाही पोहोचतो. ज्ञानेश्वरांच्या मनात एवढे होते की नव्हते यावर वाद घालता येईल; ओवीत ते आहे.

काव्य-नाटकांना या मूर्तीत कोठे जागा मिळाली, हेही पाहण्यासारखे आहे. ती कमरेच्या घागऱ्या, म्हणजे घुंगुर, आहेत आणि त्यांची रुणझुण म्हणजे अर्थध्वनी. स्वतः एवढा मोठा कवी असून त्याने काव्याला ना मस्तक दिले, ना हृदय. मला यात नम्रता कमी आणि अचूकपणा अधिक दिसतो, कारण घागऱ्या वाजतात त्या मूर्ती हलली तरच.

'अमृतानुभव' हे याहून अवघड उदाहरण आहे, कारण तेथे ज्ञानेश्वर खरोखरच वाद करतात, पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे घेतात आणि अज्ञानवादाचे खंडन करतात. पण पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती दोन असूनही एकच कशी, हे सांगताना ते म्हणतात : 'दो ओठीं एकी गोष्टी । दो डोळां एकी दृष्टी'. दृष्टान्त म्हणून हा चांगलाच आहे. दोन अवयव, एक व्यापार, आणि तो व्यापार अर्धा-अर्धा वाटून दाखवता येत नाही. मात्र त्याचे खरे कसब अर्थात नसून उच्चारात आहे. जो कोणी ही ओवी मोठ्याने म्हणतो त्याचे दोन ओठ त्या क्षणी एकच गोष्ट बोलत असतात, म्हणजे दाखला बाहेरून आणावा लागत नाही, म्हणणारा स्वतःच दाखला होतो. आपल्या प्रश्नातले 'काय वाढते' याचे एवढे स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. हा भाग गद्यात उतरवून मनातल्या मनात वाचला तर विचार कळेल, दाखला जाईल.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात राजकवी तांबे यांच्या 'घन तमीं शुक्र बघ राज्य करी' या कवितेवरून वाद झाला. 'फूल गळे, फळ गोड जाहले. बीज नुरे, डौलात तरू डुले. तेल जळे, बघ, ज्योत पाजळे. का मरणिं अमरता ही न खरी?' या ओळींत कवीने मरणातले अमरत्व सिद्ध केले आहे, असे एकाचे म्हणणे; दुसऱ्याच्या मते ही नुसती कविकल्पना आहे. आपला निर्णय काय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ग्वाल्हेरच्या राजकवीविषयी ग्वाल्हेरकरांना निर्णय देणे धाडसाचे आहे, तरी प्रयत्न करतो.

सिद्ध केले असे म्हणायचे तर सिद्धतेची कसोटी लावली पाहिजे. न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाची पाच अंगे सांगतात : पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, धूर आहे म्हणून, हा हेतू, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण, पर्वतही तसाच धुराचा आहे, हा उपनय, म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. तांब्यांच्या या कडव्यात उदाहरणे तीन आहेत आणि हेतू एकही नाही. प्रतिज्ञासुद्धा विधान म्हणून न येता प्रश्न म्हणून येते. नैयायिक याला अनुमान म्हणणार नाही.

एवढ्यावर तो थांबणारही नाही. तो म्हणेल : फूल गळल्यावर फळ गोड झाले हे खरे, पण गळलेले फूल परत आले नाही. बीज उरले नाही, असे आपणच म्हणता. मग डोलतो आहे तो तरू, बीज नव्हे. यावरून फार तर एकाचा अंत म्हणजे दुसऱ्याची परिपक्वता, एवढे मिळते. जो मेला तोच अमर झाला, हे मिळत नाही. गंमत अशी की, बीज-अंकुर आणि दीपज्योत ही बौद्धांची आवडती उदाहरणे आहेत. स्थिर आत्मा न मानताही प्रवाह कसा चालू राहतो, हे ते यांवरूनच समजावतात. तेव्हा हे कडवे सिद्धान्त म्हणून वाचले तर आत्म्याचे अमरत्व मानणाऱ्याची त्यात अडचण होते आणि ते न मानणाऱ्याची सोय होते. आपल्या मंडळातल्या पहिल्या सदस्याला हा शेजार रुचेल, असे वाटत नाही.

दुसऱ्या सदस्याचे 'नुसती कविकल्पना' हेही मला मान्य नाही. या ओळी कोणाला उद्देशून आहेत ते पाहावे. त्याच कवितेत आधी 'ये बाहेरी अंडे फोडुनि' अशी हाक आहे आणि 'का गुदमरसी आतच कुढुनी' अशी विचारणाही आहे. म्हणजे ऐकणारा कोणी तटस्थ पंडित नसून आत कोंडून बसलेला, भ्यालेला जीव आहे. त्याला अनुमान नको आहे; त्याने मरणाकडे एकाच बाजूने पाहण्याची सवय लावून घेतली आहे आणि कवी त्याला तीन वेळा दुसऱ्या बाजूने पाहायला लावतो. चौथ्या ओळीतला प्रश्न म्हणूनच विधानापेक्षा प्रभावी आहे, कारण विधान नाकारता येते, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. तांबे तत्त्वज्ञ म्हणून येथे कच्चे ठरतात आणि समजूत घालणारा म्हणून फार पक्के. कवितेत त्यांनी दुसरेच काम पत्करले होते.

प्रश्न : मी तत्त्वचिंतनपर कविता लिहितो. सोबत चार पाठवल्या आहेत. संपादक त्या 'गद्यप्राय' म्हणून परत करतात. तत्त्वज्ञान कळणारे संपादक आता उरले नाहीत का?
— एक कवी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : संपादकांविषयी सांगता येणार नाही. आपल्या चारही कवितांत 'अनंत', 'शून्य' आणि 'अस्तित्व' हे शब्द आहेत, पण त्या कोण म्हणतो आहे आणि कोणाला, याचा पत्ता लागत नाही. समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगितले आहेत. पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्यासारखे रचलेले ते पाठ. तो समास वाचावा. चारांपैकी तिसऱ्या कवितेत वडिलांचा चष्मा शोधण्याचा प्रसंग आहे. शेवटची सहा चरणांची मीमांसा काढून टाकून ती पुन्हा कोठेतरी पाठवून पाहावी.

प्रश्न : 'नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं' असे तुकाराममहाराज एकीकडे म्हणतात आणि दुसरीकडे 'अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा' या अभंगात 'सांडिली त्रिपुटी' असेही म्हणतात. महाराज द्वैती की अद्वैती?
— एका भजनी मंडळातील भगिनी, वाडी, बडोदे

उत्तर : गाथेतल्या अभंगांची मतमोजणी करून महाराजांचा पक्ष ठरवण्याची पद्धत जुनी आहे आणि तिने कोणाचेच समाधान झालेले नाही. दोन्ही अभंग विधाने म्हणून समोरासमोर ठेवले तर विरोध अटळ आहे. पण पहिला अभंग विधान नाही, मागणे आहे, आणि तेही विठ्ठलाच्या तोंडावर केलेले.

त्या मागण्याचे शब्द नीट पाहावेत. 'मी भक्त आणि तू देव आहेस' असे त्यात नाही. 'ऐसें करीं' असे आहे. देव वेगळा आणि भक्त वेगळा ही वस्तुस्थितीच असती तर ती मागावी कशाला लागली असती? ज्याला भेद आयता मिळालेला आहे तो भेद मागत नाही. तेव्हा ब्रह्मज्ञान नाकारणाऱ्या या चरणात ब्रह्मज्ञानाची जाण पुरेपूर आहे, असे मला वाटते. ते मिळाले तर पायांवर माथा ठेवायला कोणी उरणार नाही, हे धोक्याचे म्हणून जाणवलेले आहे. पुढचाच चरण 'ठेवूं दे चरणावरी माथा' असा आहे.

दुसऱ्या अभंगात मागणे नाही. जाणणारा, जाणणे आणि जाणलेले ही त्रिपुटी सांडल्याचे तेथे सांगितले आहे आणि शेवट 'उरलों उपकारापुरता' असा आहे. म्हणजे अद्वैतातही थोडे उरणे आहेच, पण ते आता लोकांसाठी आहे. एकात देवासमोर बोलणारा तुका आहे, दुसऱ्यात लोकांसमोर. दोघांनी एकच वाक्य बोलावे, अशी अपेक्षा वेदान्ताच्या वर्गात ठीक आहे. आपल्या मंडळात दोन्ही अभंग एकाच बैठकीत म्हटले जात असतील तर तो क्रम बदलू नये.

प्रश्न : श्रीअरविंद बडोद्यास होते तेव्हा ते कवी होते की तत्त्वज्ञ?
— एक विद्यार्थी, सयाजीगंज, बडोदे

उत्तर : कवी. 1893 ते 1906 या काळात ते बडोदे संस्थानाच्या सेवेत होते, महाविद्यालयात शिकवीत होते आणि कविता लिहीत होते. त्यांचे तात्त्विक लेखन मुख्यतः पुढे पाँडिचेरीस 1914 पासून 'आर्य' मासिकातून आले. आपण तत्त्वज्ञ कधीच नव्हतो, कवी आणि राजकारणी होतो, असे त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहिले आहे. त्यांच्यावर तत्त्वज्ञानाचे प्रबंध लिहिणाऱ्यांनी ते पत्र फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

प्रश्न : माझी नात गुजराती माध्यमात शिकते. नरसिंह मेहतांचे 'घाट घडिया पछी नामरूप जूजवां, अंते तो हेमनुं हेम होये' तिला पाठ आहे. हेच ज्ञानेश्वरांनीही सांगितले आहे, असे मी तिला म्हटले, तर ती म्हणाली, "मग आजी, मी परत कशाला वाचू?" तिला काय सांगावे?
— एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : नातीचा प्रश्न बिनतोड आहे आणि त्याचे उत्तर 'हेच' या आपल्या शब्दाला हरकत घेऊनच देता येईल.

दृष्टान्त एक आहे, यात शंका नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या शिकून आलेल्या आणि शिकण्याचा ताठा चढलेल्या मुलाला, श्वेतकेतूला, तो देतो : मातीचा एक गोळा कळला की मातीचे सारे कळते, सोन्याचा एक गोळा कळला की सोन्याचे सारे कळते, विकार हे केवळ नावापुरते. तेथे बाप मुलाची परीक्षा घेत आहे. नरसिंह मेहतांच्या पदात परीक्षा नाही. वेद असे सांगतात, श्रुतिस्मृती साक्ष देतात, असे म्हणून ते कनक आणि कुंडल यांत भेद नाही हे सांगतात आणि शेवटी सोन्याचे सोनेच उरते, येथे आणून सोडतात. पदाचा आरंभ 'अखिल ब्रह्मांडमां एक तुं श्रीहरि' असा श्रीहरीला उद्देशून आहे. म्हणजे ज्याचे हे सारे घाट आहेत त्यालाच ते ऐकवले जात आहे.

ज्ञानेश्वरांचे सोने 'चांगदेव पासष्टी'त आहे :

सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें ।
तेंवि न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥

आता दोन्ही शेजारी ठेवावेत. नरसिंहांचा भर शेवटावर आहे : घाट झाले, नावे वेगळी पडली, अखेर सोनेच. ज्ञानेश्वरांचा भर घडण्यावर आहे : लेणे होताना सोन्याचे सोनेपण तसूभरही उणे झाले नाही, तसा तो स्वतः काही खर्च न होता जग झाला. पहिल्यात दागिन्याच्या नावारूपापलीकडे पाहायला सांगितले आहे; दुसऱ्यात दागिना दागिना असतानाच पुरते सोने आहे, त्याला आटवण्याची गरज नाही. जग मिथ्या म्हणून बाजूला सारायचे की जग हाच त्याचा विलास मानायचा, हा वेदान्तातला मोठा मतभेद या दोन सोन्यांच्या मधोमध उभा आहे. नरसिंहांना पहिल्याच बाजूला कायमचे बसवू नये, कारण ब्रह्म ब्रह्मापुढे लटके-मुरके करते असेही त्यांनीच दुसऱ्या पदात गायले आहे. आपल्यासमोरच्या या ओळीपुरते मात्र हे अंतर खरे आहे.

शिवाय हे कोण कोणाला लिहीत आहे, तेही नातीला सांगावे. चांगदेव नावाच्या मोठ्या योग्याला, वयाने कितीतरी लहान असलेल्या ज्ञानेश्वरांना पत्र कसे लिहावे, आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हेच कळेना, म्हणून चांगदेवांनी कोरा कागद पाठवला, अशी कथा आहे. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे या पासष्ट ओव्या. मोठेपणाचा घाट कोणता आणि सोने कोणते, याच पेचात अडकलेल्या माणसाला हा दृष्टान्त दिला आहे, हे लक्षात आले की तो पाठ्यपुस्तकातला राहत नाही.

दोन्ही मोठ्याने म्हणून घ्यावेत आणि बांगडी आटवल्यावर सोने होते की बांगडी असतानाच ते सोने असते, एवढेच नातीला विचारावे. तिला गोडी वाटली तर छांदोग्याचा सहावा अध्याय नंतर वाचता येईल. मराठीतून वाचायचा की गुजरातीतून, हे तिलाच ठरवू द्यावे.